अदृश्य माणसाचं समुपदेशन

निवृत्त झाल्यावर मी पॉडकास्ट काढला. माझ्या वयाच्या बायका गीतापठणाला जातात, नाहीतर गुडघे दाखवायला इंदूरला. मी अद्भुत शक्ती असलेल्या लोकांवर उपचार करायला बसले. अर्थात कथेत. मुलींच्या कॉलेजात आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे माणसाच्या मनातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. खरा पेशंट मी एकही पाहिलेला नव्हता.

माझ्या कथेतल्या समुपदेशक बाईंचं क्लिनिक आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकाजवळ एका मिठाईच्या दुकानावर. तिथे दुसऱ्यांचे विचार ऐकू येणारी एक मुलगी यायची. गर्दीच्या टेम्पोत बसणं तिला अशक्य झालं होतं. राग आला की जमिनीपासून वीतभर वर उचलले जाणारे एक मास्तर यायचे. माझी बाई प्रत्येकाला शेवटी लांबलचक उपदेश करायची आणि पेशंट बरा होऊन जिना उतरायचा. बाईचा आवाज माझाच, हे सांगायला नको.

एडिटिंग पुण्याहून लेक करायची. तिसरा भाग ऐकून तिने फोन केला.

"आई, तुझ्या क्लिनिकमध्ये पेशंट किती बोलतात माहितीये? तू श्वास घेतेस तेवढा वेळ."

"अगं, त्यांचा प्रॉब्लेम श्रोत्यांना आधीच कळलेला असतो."

"मग ते येतात कशाला?"

हल्लीच्या मुलांना धीर नसतो, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

चौथ्या भागाला अदृश्य माणूस हवा होता, आणि आवाज घरातच होता. नवरा रेल्वेत होता, उज्जैन स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचा. गाडी किती उशिरा येतेय, हे अर्धं शहर त्याच्या तोंडून ऐकायचं. पुढे रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि याला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. तेव्हा मी म्हटलं होतं, "बरं झालं, घशाला आराम."

माधव नगरच्या आमच्या घरात दुपारी जरा शांतता असते. मे महिन्यात, कूलर बंद करून, बाहेरचे आवाज येऊ नयेत म्हणून डोक्यावरून रजई घेऊन आम्ही दोघं मोबाइलसमोर बसलो. त्याने पहिलं वाक्य वाचलं ते प्रत्येक शब्दानंतर थांबत, प्रवाशांना सामान उचलायला वेळ देत असल्यासारखं. शिवाय मी नाशिकची, तो इथलाच; त्याच्या मराठीत निम्मी हिंदी.

"'परेशान' नाही, 'व्यथित' लिहिलंय," मी म्हटलं.

"व्यथित कोण म्हणतं गं?"

"अदृश्य माणूस म्हणतो."

असं बराच वेळ चाललं. घामाने त्याचा चष्मा धुरकट झाला, तो त्याने काढून ठेवला. मी बाईचा प्रश्न पुन्हा विचारला, "आपण अदृश्य आहोत, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?" आता त्याने आरशाविषयीचं सुंदर वाक्य म्हणायचं होतं. त्याने कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "नवा आवाज लागला त्या दिवशी, मॅडम."

कागदावर असं काही नव्हतं.

"सुट्टी होती, तरी मी स्टेशनवर गेलो. बेंचवर बसलो. बाईचा आवाज आला. चांगला होता, एकदम साफ. मी पाहून राहिलो होतो की कोणीतरी मान वर करेल, म्हणेल, तो रोजवाला कुठे गेला. लोकांनी थैल्या उचलल्या आणि गाडीत चढले. काही फरकच नाही पडला. मग मी चहा प्यायलो आणि घरी आलो."

"घरी सांगितलंत?" हा प्रश्नही कागदावर नव्हता.

"सांगणार होतो. जेवायला नको म्हटलं, तर बायकोने ओवा दिला. पित्त झालंय म्हणाली. मानसशास्त्राच्या प्रोफेसर आहेत, म्हणून मीही मानलं."

यानंतर माझा उपदेश होता. 'अदृश्यता ही एक मनोवस्था आहे' अशी त्याची सुरुवात. मी कागद डोळ्यांसमोर धरला, पण तोंडातून शब्द फुटेना. रजईखाली त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मग?" एवढंच मी म्हटलं.

"मग काही नाही. सकाळी नळ सुरू करून गाड्या म्हणतो. बायकोला वाटतं, स्तोत्र म्हणून राहिला."

हे मात्र खरं होतं. नवरा देवाधर्माला लागला, असं मी माझ्या बहिणींना फोन करकरून सांगितलं होतं.

रजई काढली तेव्हा दोघंही घामाने निथळत होतो. तो म्हणाला, "डायलॉग सोडून बोललो. परत घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. अशा वेळी काय बोलावं यावर मी वर्षानुवर्षं लेक्चर दिलेलं आहे. मी म्हटलं, "कूलर लावते."

पन्ह्याचे पेले घेऊन त्याच्याजवळ बसल्यावर मला विचारता आलं, "मला का नाही सांगितलंत कधी?"

"आत्ता विचारलंस ना."

"ते बाईने विचारलं."

"हो. चांगली आहे ती. तिच्याकडे जरा वेळ असतो."

मी पन्हं प्यायले. हे लेकीला पाठवायचं का, असं विचारल्यावर म्हणाला, "पाठव ना. दिसतो कुठे मी कोणाला."

लेकीचा फोन दोन दिवस आला नाही. आला तेव्हा ती आधी बाबांशीच बोलली, बराच वेळ, दुसऱ्या खोलीत. मग मला म्हणाली, "काहीही कापलेलं नाही. तुझा तो मोठा पॉजही ठेवलाय. पहिल्यांदाच तू खरी थेरपिस्ट वाटलीस." तो पॉज म्हणजे माझी बोबडी वळली होती, हे मी सांगितलं नाही.

त्या भागाखाली कोणा श्रोत्याने लिहिलं, 'लेखन अप्रतिम. ओव्याचा तपशील तर कमाल. हे सुचतं कुठून?' मी ताबडतोब उत्तर दिलं, 'निरीक्षणातून.'

नवऱ्याने माझ्या खांद्यावरून ते वाचलं. "निरीक्षण म्हणजे?"

"म्हणजे नीट बघणं."

"अच्छा," तो म्हणाला, आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेला. मी मोबाइल ठेवला आणि त्याच्या मागोमाग जिना चढले.