एका घरातून एकच

मुलांनो, पूर ओसरल्यावर तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, गावाकडचं घर आहे की गेलं?" मी म्हणाले, "आहे थोडं." थोडं म्हणजे किती, ते फोनवर मला नीट सांगता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

बिलोली तालुक्यातल्या त्या घरात माझी धाकटी जाऊ एकटी राहते, तुमची शिवणवाली आजी. मांजरा नदीचं पाणी चढू लागलं तेव्हा अख्खं गाव उंचावरच्या शाळेत गेलं. निघताना धाकटीने सगळ्या गावाने केलं तेच केलं. तिथे घराघरात भिंतीवर मागच्या मोठ्या पुराची रेघ जपलेली असते. रंग देतानासुद्धा तेवढी सोडून देतात. धाकटीने शिलाई मशीन टेबलावरून सोडवलं आणि रेघेच्या वरच्या फळीवर ठेवलं. पाणी रेघेपाशी थांबणार, याची कुणाला शंकाच नव्हती. या वेळी ते फळीच्याही वर गेलं.

मी लातूरहून पोचले तेव्हा गावाच्या तोंडाशी दोरी बांधलेली होती. मातीच्या भिंती पाण्यात तग धरतात आणि ऊन लागलं की कोसळतात. म्हणून एका घरातून एकालाच, पोलिसासोबत, थोडा वेळ आत सोडत होते. धाकटीच्या मुलाने पुण्याहून निक्षून सांगितलं होतं, आता ते घर पुरे, इकडे ये.

"अक्का," ती मला म्हणाली, "मशीन चाललं तर मी इथंच राहते. न्हाई चाललं तर जाते. पुण्यात बसून काय करू? दिवसभर टीव्ही बघू?"

दोरीपाशी एक तरुण महिला पोलीस उभी होती.

"मावशी, एका घरातून एकच."

"एक तरी कुठं हाय?" धाकटी म्हणाली. "यांना चालता येत न्हाई, मला उचलता येत न्हाई. दोघींची मिळून एक बाई पुरी होत न्हाई बघ."

"तोंडं मात्र दोन हायत," ती पोरगी म्हणाली, आणि दोरी वर करून आमच्यासोबत निघाली.

दार फुगून बसलं होतं. तिघींनी खांदा लावला तेव्हा उघडलं. आत घोट्याएवढा चिखल. मागच्या खोलीचं छत खाली आलं होतं. तिकडे पोलीस पोरीने पाऊल टाकू दिलं नाही. पुढच्या खोलीच्या भिंती खालून दगडी, त्या उभ्या होत्या. फळी निखळून मशीन चिखलात पालथं पडलं होतं. पोरीने ते उचलून लेकरासारखं कडेवर घेतलं.

"लई जड हाय की! सोनं भरलंय का यात?"

"सोनं असतं तर सुनेनं आधीच नेलं असतं," धाकटी म्हणाली.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही ते धुतलं. ट्रॅक्टरवाल्याने वाटीभर डिझेल दिलं. धाकटी एकेक स्क्रू काढायची, मी तो पुसून पेपरवर क्रमाने मांडायची.

"अक्का, ओळीत बसवून स्क्रूंची परीक्षा घ्यायलात का?"

सगळं पुन्हा जोडलं. आधी चाक हलेचना. मग करकरलं. पुन्हा तेल सोडलं, आणि ते फिरलं. धाकटीने हातानेच चाक फिरवून पदराच्या टोकावर एक टीप मारून पाहिली आणि मला दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून बायका पुरात खराब झालेल्या साड्या धुऊन, वाळवून आणू लागल्या. त्यांच्या वाकळा शिवायच्या होत्या. शाळेची फरशी गार, अंथरायला काही नाही.

पुढची खोली राहण्याजोगी आहे असं इंजिनिअर सांगून गेले, तेव्हा धाकटीचा मुलगा पुण्याहून आला. आईला न्यायलाच आला होता. व्हरांड्यातली रांग पाहिली, घराची भिंत ठोकून पाहिली, आणि मग बिलोलीला छपराचे पत्रे आणायला गेला.

तर, मागची खोली गेली. तिथला तुमचा झोपाळाही गेला. पुढची खोली, अंगणातला हातपंप आणि दारचा कडुनिंब शाबूत आहेत. मशीन चालतं, आणि धाकटी तिथेच राहते.