सरोजिनीबाईंनी पाव भिरकावला, त्याची गोष्ट

सिंगापूरच्या मराठी मंडळींत सरोजिनीबाई दामल्यांना चुकवणं महाकठीण. बाई गाठणार, गोड हसणार आणि विचारणार, "मूळ गाव कुठलं?" 'पुणे' म्हणून सुटका नाही. "पुणं झालं हो, त्याच्या आधीचं सांगा. नदी कुठली?" कऱ्हाडच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेला, बिशानला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या तरी परीक्षा घ्यायची खोड काही गेली नाही. एका बँकवाल्याला स्वतःच्या गावची नदी आठवेना, तर तो बिचारा दोन वर्षं गणपतीच्या आरतीला खांबाआड उभा राहायचा म्हणतात.

आणि अशा बाईंच्या मुलानं, सौमित्रनं, २००७ साली पसंत केली कोण, तर रोमेनियाची स्मरांदा! तांजोंग पगारला एका जहाज कंपनीत नोकरी, ओळख पुलाउ उबीन बेटावर सायकल पंक्चर झाली तेव्हाची. "आता सरोजिनी अंथरूण धरते बघा," बायका कुजबुजल्या. बाईंनी धरली पेन्सिल. ती स्मरांदापुढे ठेवून म्हणाल्या, "काढ तुझ्या गावाचा नकाशा."

गावाचं नाव मेरिशोरा. गाव कसलं, चार वाड्यांची कोमूना. म्हणजे आपली ग्रुप ग्रामपंचायत, चारही वाड्यांत मिळून एक सरपंच. मधून नदी, टेकडीवर लाकडी चर्च, त्यात लोखंडाचा एक खिळा नाही. तातारांनी ते दोनदा जाळलं, गावानं तिसऱ्यांदा उभं केलं. सगळीकडे आलुबुखाराच्या बागा, आणि त्याची दारू इतकी कडक, की पाद्रीबुवासुद्धा बसूनच पितात. बागा कम्युनिस्ट सरकारनं हिसकावल्या होत्या, त्या पुढे परत मिळाल्या.

"आणि मग, आंटी, भाऊ-भाऊ बांधावरून कोर्टात गेले."

"बांधावरून?" बाईंचा चेहरा उजळला. "अगं, मग आपलीच माणसं की!"

बाईंच्या बाजूनं लग्न तिथेच ठरलं. पण मेरिशोराची परीक्षक अजून यायची होती. स्मरांदाची आई, फ्लोआरेया. गावातली निम्मी तरणी मुलं इटलीला गेली, ती निदान नाताळला परततात. ही तर समुद्रापलीकडे. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय मुलगी देणार नाही, असं तिनं फोनवर बजावलं होतं. "वीस-वीस मजली इमारतीत माझ्या पोरीची काळजी करणारं माणूस कोण असणार?" सौमित्रची झोप उडाली.

"तू गप रे," बाई म्हणाल्या. "त्यांच्या रीतीनं स्वागत करते, मग बघ."

त्यांची रीत अशी, की यजमानीण दारात गोल पाव आणि मीठ घेऊन उभी राहते. पाहुणा तुकडा मोडतो, मिठाला लावून खातो. आठवडाभर बाईंनी तालीम केली. शेजारच्या चिनी आंटीला सात वेळा लिफ्टमधून बाहेर यायला लावलं. "अगेन आह?" म्हणत तीही बिचारी यायची आणि पाव खायची.

तो दिवस आला. लिफ्ट उघडली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, गाल सफरचंदासारखे, अशी फ्लोआरेयाबाई लेकीचा हात धरून दाराशी आली. सरोजिनीबाईंच्या हातात ताट, ताटात पाव, वाटीत मीठ. विहीणबाईंनी तुकडा मोडायला हात पुढे केला...

आणि बाईंचं सगळं पाठांतर उडालं. दारात पाहुणी, समोर लेक, ताटात पाव-मीठ! डोकं मेरिशोराचं असेल, हात कऱ्हाडचाच ना. त्या हातानं पावाचा लचका तोडला, विहिणीवरून आणि लेकीवरून तीनदा ओवाळला आणि दिला भिरकावून. तुकडा थेट चिनी आंटीच्या दाराबाहेरच्या चपलांत.

विहीणबाईंचा हात हवेतच राहिला.

"आई!" सौमित्र किंचाळला. "अगं, पाव खायचा होता!"

फ्लोआरेयाबाई वळली, चपलांतून तुकडा उचलला, त्याचं चुंबन घेतलं. तिच्या गावात पाव म्हणजे देव. बाईंना ब्रह्मांड आठवलं. त्यांनी त्या तुकड्याला वाकून नमस्कार केला.

"का फेकला, विचारतेय," स्मरांदा रडवेली होऊन म्हणाली.

"खरं सांग तिला," बाई म्हणाल्या. "एवढ्या लांबून आलात. वाटेत दोघींना कुणाकुणाची नजर लागली असेल. काढून टाकली."

लेकीनं सांगितलं. विहीणबाईंनी डोळे बारीक केले, दोन्ही डोळ्यांकडे बोट नेलं आणि विचारलं, "देओकी?"

"तेच!" स्मरांदा ओरडली. "नजर! आमची आजी पेटते निखारे पाण्यात टाकून काढते!"

मग काय विचारता! विहीणबाईंनी सौमित्रला कोपरापाशी धरून जवळ ओढलं आणि त्याच्या तोंडावर "थू, थू, थू" केलं. इतकं देखणं पोर उघड्यावर ठेवता, म्हणून बाईंना वर दमही भरला. तो दम भाषांतराशिवाय कळला. गॅसपाशी जाऊन काड्या पेटवल्या, स्टीलच्या पेल्यात चुरचुर विझवल्या, काडी बुडली की "बघा, लागली होती!" असं दोघी दोन भाषांत एकदम म्हणायच्या. पावाचं कोणाला भानच नाही.

शेवटी विहीणबाईंनीच ताट ओढलं. एक तुकडा मिठाला लावून खाल्ला, दुसरा सरोजिनीबाईंना भरवला आणि काहीतरी म्हणाली. स्मरांदा लाल झाली.

"काय म्हणाल्या? अगं, सांग ना!" सौमित्र कासावीस.

"म्हणतेय, माझ्या पोरीची नजर काढणारं माणूस इथे आहे. आता मला तिकडे झोप लागेल." आणि डोळे पुसत तिनं पुढचं सांगितलं, "लग्न मात्र आलुबुखारे उतरवायच्या आधी करा, नंतर गावात शुद्धीवर कोणी नसतं."