चालतंय

आमच्या भागातला एक शब्द आता मला ऐकवत नाही. चालतंय. भाजी अळणी झाली, चालतंय. अर्जात आडनाव चुकलं, चालतंय. कन्नड बोलणारे ‘नडीतैति’ म्हणतात, तेही तसलंच. पूर्वी मीही दिवसातून वीसदा म्हणायचो.

चुलतभावाचं निपाणीत दुकान आहे, इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं. त्याला मी अण्णा म्हणतो आणि त्याच्याच हाताखाली काम करतो. एकदा कोगनोळीच्या शाळेतल्या एक बाई स्कूटर घेऊन आल्या. निम्मं चार्जिंग दिसत असतानाच गाडी बंद पडायची. बॅटरी उघडली तर नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. एक सेल फुगून पाझरलेला.

ओळीतले सगळे सेल एका ताकदीचे लागतात. एक जरी आधी रिकामा झाला, तर बाकीचे भरलेले असले तरी आतलं सर्किटचं कार्ड अख्खी बॅटरी बंद करतं. म्हणून नवा सेल आधी मोजायचा, ताकद जुळली तरच बसवायचा, मग सगळे सारखे भरेपर्यंत बॅटरी दोन दिवस चार्जरला ठेवायची. अण्णानं तंबाखूची पिचकारी मारली, भंगाराच्या डब्यातला एक सेल उचलला आणि त्याच हातानं फुगलेल्याच्या जागी जोडून टाकला.

“अण्णा, ह्याची ताकद मोजली न्हाय.”

“व्होल्ट जुळतंय न्हवं? चालतंय की. लई शानपणा करू नगंस.”

व्होल्ट काय, भरल्या वाटीचं आणि भरल्या घागरीचं सारखंच दिसतं. हे अण्णाला माहीत होतं. मलाही होतं.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा अण्णा चहाला गेलता. त्यांनी मलाच विचारलं, “हायवेनं जाते ओ मी. मधीच बंद न्हाय पडणार न्हवं?”

दोन दिवस ठेवून जा, एवढंच म्हणायचं होतं. पण अण्णाच्या शिव्या कोण खाणार? मी किल्ली पुढे केली. म्हटलं, “चालतंय बाई.”

चौथ्या दिवशी पुलाच्या चढावर गाडी मेली. मागचा टेम्पो घासून गेला. बाई वाचल्या, पण उजवं मनगट मोडलं.

आठवड्यानं त्या प्लास्टर घालून दुकानात आल्या. अण्णा निर्लज्जासारखा म्हणाला, “बाई, तुम्ही चार्जिंग अर्धवट सोडत असणार.” त्याच्या लाल दातांची मला किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण मी तेव्हाही गप्पच होतो.

बाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “हात कसा हाय आता? फळ्यावर लिवता येतंय?”

“डाव्या हातानं लिहिते,” त्या म्हणाल्या. “चालतंय.”