घंटा कोणी फोडली

अकोल्याच्या जुन्या शहरात देवमन तायडेसारखा डूख धरणारा माणूस दुसरा नव्हता. साप बरा, तो बारा वर्षांनी तरी विसरतो, असे त्याची बायको शालूच म्हणायची. बाकी माणूस निर्व्यसनी, कामाला वाघ, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला आधी धावणारा. पण अमरावतीच्या वामनराव मिस्त्रींचे नाव निघाले की ताटावरून उठायचा. एकदा कामासाठी अमरावतीला जावे लागले, तर दिवसभर तिथले पाणी प्यायला नाही. याला वेडेपणा म्हणायचा असेल तर म्हणा, पण आधी घडले काय ते ऐका.

एकोणीसशे पंचावन्न साली वामनरावांचा ओतकामाचा कारखाना अमरावतीत नावाजलेला होता. देवमन तेव्हा बावीस वर्षांचा, भात्यावर. त्याचा बाप मोतीराम तिथेच वाळू वाहायचा. अचलपूरकडच्या एका देवस्थानाने अडीच मणाची घंटा सांगितली. सकाळी दहाला साच्यात काशाचा रस ओतला. साचा उघडायचा मुहूर्त भटजींनी काढला होता त्याच दिवशी दुपारी चारचा. घंटा बाहेर आली की तिच्यावर गंगाजळाचा पहिला अभिषेक, ही देवस्थानाची रीत. पंचमंडळी, बायाबापड्या, सगळे जमले.

देवमन भोवतालची वाळू उपसत होता. साच्याशेजारी हात नेला तर धग लागली.

"मालक, साचा अजून गरम हाये. उद्यावर ठेवा."

"तू मले शिकवून राहिला का रे?" वामनराव म्हणाले. "मुहूर्त तुह्यासाठी थांबन काय?"

साचा फुटला, घंटा निघाली, तांब्यातले पाणी पडले आणि टण्णकन आवाज झाला. काठापासून खांद्यापर्यंत चीर. गरम काशावर गार पाणी पडल्यावर दुसरे काय होणार? चुलीवरून उतरवलेल्या कढईवर पाणी मारू नये हे घरातल्या बायकांनाही कळते. पण पंचांची तोंडे काळवंडलेली पाहून वामनरावांची पाचावर धारण बसली, आणि त्यांनी देवमनकडे बोट दाखवले.

"यानं हात लावला साच्याले. मी नाई म्हनलं होतं."

त्या काळी महाराच्या पोराविरुद्ध एवढे वाक्य पुरत असे, पुरावा कोणी मागत नसे. चोर सोडून संन्याशाला फाशी. मोतीरामने वामनरावांच्या पायांवर डोके ठेवले आणि सगळ्यांदेखत पोराच्या मुस्काटात मारली. दोघांनाही हाकलले. अमरावतीतल्या एकाही ओतशाळेने देवमनला पुन्हा उभे केले नाही.

मार त्याने कधीच माफ केला होता. जिव्हारी लागले ते वेगळेच. बापाने त्या खोट्यावर विश्वास ठेवला, आणि आईनेही. पुढच्याच वर्षी सगळे घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या, उपासतापास सुटले, पण आईच्या, म्हणजे चतुराबाईच्या, मनातली ती गोष्ट काही सुटली नाही. "तुह्या हाताले यश नाई रे बापा," असे म्हणून तिने पेरणीच्या मुठीला त्याला शिवू दिले नाही. त्याच्या पहिल्या मुलीचा पाळणासुद्धा तिने शेजाऱ्याकडून टांगून घेतला. मोतीराम एकसष्ट साली वारला. त्या दिवशी देवमनने ठरवले, एकदा आईच्या कानांवर वामनरावाच्याच तोंडून खरे पडले पाहिजे, त्यासाठी काहीही करावे लागले तरी चालेल.

मधली वर्षे तो मुंबईकडच्या एका कारखान्यात होता. तिथे विजेवर धातू वितळवायची भट्टी होती. आधी झाडलोट, मग मदत, मग स्वतः विजेच्या कळा असलेल्या पटापाशी, असे करत तो ती विद्या शिकला. त्रेसष्ट साली अकोल्याच्या खुशालरावांनी तशीच एक जुनी भट्टी आणली. खुशालराव मूळचे शेतकरी, जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग ओतून देण्याचा त्यांनी कारखाना काढला होता. आधी ठेवलेल्या दोघा माणसांनी भट्टीचे वीज साठवणारे कंडेन्सर जाळले. तिसरा देवमन आला आणि भट्टी त्याच्या हाताखाली गाईसारखी चालू लागली.

भट्टीत ना कोळसा, ना जाळ. मागच्या खोलीत मोटर घरघरायची, तिच्या जोडीचे जनित्र सेकंदाला हजारदा उलटणारी वीज काढायचे. ती वीज मुशीभोवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यात शिरली की अशी कर्कश शीळ घुमायची की शेजारच्याचे बोलणे कळू नये. आतला धातू मात्र आपोआप लाल व्हायचा. प्रत्येक धातूची खोड वेगळी, आणि देवमनला सगळ्यांच्या खोडी पाठ. लोखंड आधी अधाशासारखी वीज खाते, लाल झाले की एकदम मान टाकते, तेव्हा कंडेन्सर वाढवायचे. तांबे, कासे वीज अंगाला लावून घेत नाहीत, त्यांना शिशाच्या पेन्सिलीत असते त्या काळ्या ग्राफाइटची मूस द्यायची, म्हणजे मूसच तापून त्यांना वितळवते. पितळ पांढरा धूर सोडून भांडते. ॲल्युमिनियम मोठे लबाड, वितळले तरी रंग बदलत नाही. देवमन म्हणायचा, "धातू बरे. थे खोटं नाई बोलत."

सहासष्ट साली त्याच देवस्थानाने पुन्हा घंटा करायचे ठरवले. साचा वामनरावांनीच करावा, पण कासे अकोल्याच्या बिजलीच्या भट्टीवर वितळवावे, असे पंचांनी सांगितले. वामनराव साठीचे झाले होते, पण ताठा तोच. खुशालरावांच्या अंगणात त्यांनी साचा बांधला, शिवाय एक जादाचाही. पटापाशी उभ्या देवमनला पाहिले आणि ओळखले नाही. ज्याने आपले घर उसवले त्याने आपला चेहराही लक्षात ठेवू नये, याचा देवमनला इतका संताप आला की हातातला सांडसा त्याने खाली ठेवून दिला.

मुहूर्त? पुन्हा ओताच्याच दिवशीचा, दुपारी चारचा. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तसे ते.

देवमनला एक शब्द बोलायचा अवकाश होता. उद्यावर ठेवा, एवढेच. तो बोलला नाही. कासे त्याने असे निर्मळ उतरवले की खुशालराव बघत राहिले, आणि ओत झाल्यावर तो अंगणापासून वीस पावले दूर, पटापाशी जाऊन उभा राहिला. पंचांपैकी नत्थुजींना त्याने मुद्दाम हाक मारून शेजारी बसवून घेतले. चारपर्यंत हलला नाही, लघवीलासुद्धा गेला नाही.

चार वाजता साचा फुटला. घंटा निघाली. पाणी पडले. टण्ण.

देवमनला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली, पण थोडीच.

वामनरावांचे बोट उठले, कोणाकडे वळावे ते त्याला कळेना. "भट्टीवाल्यानं..." एवढे ते म्हणाले.

"भट्टीवाला माह्यापाशी उभा हाये सकाळपासून," नत्थुजी म्हणाले. "साच्याच्या जवळ बी नाई गेला."

घंटा पुन्हा वितळवायची, तर अकोल्यात ते एकट्या देवमनला येत होते. खुशालरावांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "वितळवतो. उद्या माह्या मायले आनतो. वामनरावांनी तिच्यासमोर सांगावं, पंचावन्न साली घंटा कोनं फोडली. मंग दोन दिवस साचा उघडायचा नाई, मुहूर्त असो का नसो."

तेव्हा कुठे वामनरावांनी त्याला ओळखले.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई अंगणात बाजेवर येऊन बसली. पंच बसले, कामगार उभे राहिले. फुटक्या घंटेचे घणाने केलेले बारीक तुकडे मुशीत टाकून देवमनने भट्टी चालू केली, मोठे तुकडे बाजूला ठेवले. शीळ घुमू लागली. वामनराव काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं," देवमन ओरडला. "भट्टी बोलून राहिली. आयकू नाई येत."

"चूक माही होती! साचा गरम होता, यानं मले सांगितलं होतं!" वामनराव मानेच्या शिरा फुगवून ओरडू लागले. देवमनने मध्येच पटावरचा दांडा खाली ओढला. शीळ एकदम थांबली, आणि पुढचे शब्द त्याच तारस्वरात मोकळ्या अंगणात पडले.

"यानं हात लावला नवता! मी खोटं बोललो!"

बाहेर रस्त्यावरचा टांगेवालासुद्धा वळून पाहू लागला. देवमन मात्र फक्त आईकडे पाहत होता. चतुराबाई उठली. सावकाश वामनरावांपुढे येऊन उभी राहिली.

"मले सांगून काय होते, वामनराव? याच्या बापाले सांगा."

वामनरावांनी घाईघाईने मान वळवून गर्दीत पाहिले. "सांगतो ना. कुठं हाये मोतीराम?"

"पाच वर्सं झाले त्याले जाऊन," ती म्हणाली. "आमी पानी पाजत होतो, थे बी न घेता याले विचारे, खरं सांग बापा, काहून हात लावला? शेवटपर्यंत तेच. अन् मी बी म्हनलं, सांगून टाक ना रे एकदाचं."

एवढे बोलून ती तिथेच वाळूवर बसली आणि पोराचा पाय धरू लागली. देवमनने तिला उठवले. वामनरावांना ऐकवायला अकरा वर्षे जपून ठेवलेली शिवी त्याच्या तोंडाशी आली होती, ती त्याने देऊन टाकली, सगळ्यांदेखत. मग दांडा वर केला.

"तुकडे टाका," तो म्हणाला, आणि वामनराव वाकून एकेक तुकडा मुशीत टाकू लागले.