आठवी पाहुणी आणि मोठा दरवाजा

आठ माणसं. नववं नाही. लोक फोनवर गयावया करतात, "बाई, आमची मेव्हणी अगदी काटकुळी आहे, मांडीवर बसेल," पण मी ऐकत नाही. मी जी जुनी घरं दाखवायला नेते, त्यांच्या माडीवर आठांपेक्षा जास्त पाहुणे चढले तर आम्ही सगळे तक्तपोशीसकट खालच्या कडब्यात उतरू. मग तोही इतिहासच होईल, पण सांगायला कोणी उरणार नाही.

मी अमरावतीच्या शाळेत इतिहास शिकवत होते. निवृत्त झाल्यावर शिकवायला घरात एकच विद्यार्थी उरला, आणि त्यानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, महिनाभरात हात टेकले. तेव्हापासून हिवाळ्यातल्या रविवारी मी एक क्रूझर भाड्यानं घेते आणि तिवशापासून पातूरपर्यंतच्या आडगावांतल्या गढ्या दाखवते. गढी म्हणजे जुन्या वतनदाराचं टेकाडावरचं घर. मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यात बुरूज, पुढं हत्ती जाईल असा दरवाजा, आणि आत टीव्हीवर मालिका चालू. ज्यांना महाल पाहायचे आहेत त्यांनी राजस्थानात जावं, हे मी आधीच सांगून टाकते.

माझा स्वभाव तिखट आहे आणि थापा मला खपत नाहीत. वऱ्हाडात एकही गढी भुयाराशिवाय नाही. कुठलं भुयार नदीला निघतं, कुठलं थेट नरनाळ्याच्या किल्ल्याला. ते पाहिलेला माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमच्या बुढ्यानं पाह्यलं होतं, मंग बुजवलं." मी माझ्या पाहुण्यांना भुयार सांगत नाही. माझा ड्रायव्हर मात्र मागून हळूच सांगतो. तो माझाच विद्यार्थी, इतिहासात तीनदा नापास.

त्या रविवारी आम्ही पातूरकडच्या एका गढीवर गेलो. तिथला मोठा दरवाजा कायम बंद असतो आणि त्याच्याच एका फळीत छोटं दार आहे, दिंडी दरवाजा. आत जायचं तर कमरेत वाकूनच. इथं माझा एक ठेवणीतला विनोद होता. मी वाकून आत जायचे, वळायचे आणि म्हणायचे, "या, इथं नबाबालासुद्धा वाकावं लागतं, तुम्ही-आम्ही कोण!" लोक हसायचे, वाकायचे, आणि एखादा उंच माणूस डोकं आपटून घ्यायचा. त्या दिवशी पुण्याच्या एका गृहस्थांनी आपटून घेतलं. सात जण आत आले. आठवी पाहुणी बाहेरच उभी राहिली.

त्या अकोल्याच्या जठारपेठेतल्या बाई होत्या. सरकारी दवाखान्यात मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, पांढरी साडी, ताठ मान. गाडीत बसल्यापासून मोजून चार वाक्यं बोलल्या असतील.

"या ताई, डोकं सांभाळा," मी आतून म्हणाले.

"मी वाकणार नाई, बाई."

"गुडघे दुखतात का?"

"गुडघ्याले काय झालं? चांगले हायेत." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "माह्या आजानं सारी जिनगी या दरवाज्यापाशी वाकून काढली. इथचे निरोप नेले, सरपण फोडून देलं. एक दसरा सोडला तं आत त्याले कोणी घेतलं नाई. छप्पन साली दीक्षा घेतली अन् आमच्या लोकायनं हे गाव सोडलं. मी त्याची नात. हा मोठा दरवाजा उघडला तर उभ्यानं आत जाईन, नाई तं गाडीत बसतो. तुमी दाखवा बाकीच्याइले."

माझा विनोद माझ्यावरच उलटला. चार हिवाळे तो मी सांगत होते, आणि या दाराशी कोण कोण वाकलं असेल, असा विचार एकदाही मनात आला नव्हता. मी, म्हणे, इतिहासाची शिक्षिका! मला इतकी लाज वाटली की मी तशीच वळून अंगणात गेले.

गढीचे मालक ओट्यावर तूर पाखडणाऱ्या बायकोला सल्ले देत बसले होते. पन्नाशीचे, गोरेपान, कपाशी आणि राजकारण दोन्ही करणारे. मी म्हणाले, "भाऊ, मोठा दरवाजा उघडायचा."

"काऊन? वरात आली का?" ते हसले. "तो लग्नाले उघडतो, नाई तं मयताले. पोराच्या लग्नानंतर त्याले हात नाई लावला."

मी कारण सांगितलं. मऊ करून नाही सांगितलं, त्या बाई बोलल्या तसंच सांगितलं. त्यांचं हसू गेलं. ते उठून घरात गेले. संपलं, मी मनात म्हटलं. आता ही गढी आपल्याला कायमची बंद.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात लोखंडी सब्बल होती. "चाला," ते म्हणाले, "पयले हे कूलर उचला."

कारण दरवाज्यामागं निम्मं वऱ्हाड साठवलेलं होतं. तीन मोडके कूलर, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग, ट्रॅक्टरचं टायर, निंदणीच्या डवऱ्याची दांडी आणि कोणाच्या तरी निवडणुकीचे फलक. माझे सातही पाहुणे कामाला लागले. पुण्याचे गृहस्थ टेंगूळ चोळत कूलरचं एक टोक धरून उभे राहिले. तिसऱ्या कूलरमध्ये कोंबडी अंडी उबवत बसली होती, आणि मालकीणबाई सूप टाकून धावत आल्या, "तिले उठवू नका! तिच्यासकट उचला!" मग कूलर कोंबडीसकट पालखीसारखा निघाला. कोंबडी जागची हलली नाही.

अडसर फुगून भिंतीत रुतला होता. ड्रायव्हरनं गाडीतला जॅक आणला, बिजागऱ्यांत इंजिन ऑइल ओतलं. मधूनमधून मी दिंडी दरवाज्यातून वाकून बाहेर डोकावायचे. पाच वेळा वाकले, कंबर धरली.

"थोडा वेळ लागेल, ताई."

"लागू द्या."

त्यांनी "राहू द्या आता" एकदाही म्हटलं नाही. ते मला फार आवडलं.

तासाभरानं अडसर निघाला. सगळ्यांनी मिळून जोर लावला आणि एक फळी करकरत आत आली. मालक घामाघूम होऊन पुढं झाले. "या," ते म्हणाले.

बाईंनी उघड्या फळीकडे पाहिलं, मग मिटलेल्या फळीकडे. "दोनीबी उघडा."

ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पऱ्हाट्यांकडे पाहिलं. मग त्यांनी धोतर खोचलं आणि दुसऱ्या फळीला खांदा लावला, आणि आम्ही सगळे परत भिडलो.

दोन्ही फळ्या भिंतीला टेकल्यावर बाईंनी पदर नीट केला आणि दरवाज्याच्या बरोबर मधून चालत आत आल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. मालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. बाई सावकाश पाणी प्यायल्या. मग अंगणात चारी बाजूंना काहीतरी शोधू लागल्या.

"कारंजं कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

"कारंजं?" मालक गोंधळले. "अथी प्याच्या पाण्याचे वांधे होते जी, कारंजं कुठचं? कधीच नव्हतं."

"अंगणात मधोमध कारंजं, त्याच्यात लाल मासोया. आजा सांगे आमाले." त्या अजूनही जमिनीकडेच पाहत होत्या. "एका दसऱ्याले मालकानं त्याले आत बोलावलं, कारंज्यापाशी बसवलं, असं सांगे. आमी लेकरं रोज तेच सांग म्हणो."

अंगणात सारवलेली जमीन होती आणि एक तुळस. मालक खाली मान घालून उभे राहिले.

"म्हंजे तो एकदाबी आत नाई आला," बाई म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलं नाही. अजून दोन घरं पाहायची होती, जेवणाची वेळ टळून गेली होती, आणि वर्गातली जुनी सवय म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं. बाईंच्या ते लक्षात आलं.

"घाई करू नका, बाई," त्या म्हणाल्या आणि माडीच्या जिन्याकडे आमच्या पुढं चालू लागल्या. "मले सारं घर पाह्यचं हाये. आजाच्या वाटचंबी पाह्यचं हाये."