चौदा नंबरचं टोकन

आमच्या कॉलनीतल्या दत्तमंदिरात शिरण्याआधी दोन गोष्टी बाहेर ठेवाव्या लागत. चपला रॅकवर आणि पक्ष पेटीत. ही झाकणाची लाकडी पेटी दाराशी स्टुलावर असे आणि शेजारी खुर्चीवर नाना मोहिते. गळ्यातलं उपरणं, खिशावरचा बिल्ला, टोपी, जे काही पक्षाचं असेल ते पेटीत टाकायचं. नाना बदल्यात नंबर कोरलेलं पितळी टोकन देत. आरती झाली की टोकन द्या, आपली वस्तू घ्या.

नाना खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षं होते, तेही जिथे दारू भरतात त्या भागात. तिथे आत जाताना काडीपेटी, विडी, किल्ल्या, सगळं फाटकावर ठेवून टोकन घ्यावं लागे. निवृत्त झाल्यावर तीच शिस्त त्यांनी देवळात आणली. नव्या माणसाला हसू यायचं. नाना हसत नसत. "आमच्या मोठ्या साहेबालासुद्धा लायटर फाटकावर ठेवावा लागायचा," म्हणत. "तुम्ही कोण लागून गेलात?"

त्यांना राजकारणाचं वावडं होतं असं मात्र कुणी समजू नये. कामगार संघटनेचा बिल्ला ते शर्टावर रोज लावत. दर गुरुवारी पेटीत पहिला तोच पडे आणि एक नंबरचं टोकन ते स्वतःच्याच खिशात टाकत. आरतीनंतर बिल्ला पुन्हा शर्टावर लावून समोरच्या चहावाल्याकडे असे भांडत की चहा गार व्हायचा. मी एकदा म्हणालो, "नाना, मग देवळातच का सोवळं?" तर म्हणाले, "अरे प्रदीप, काडीपेटी वाईट नसते. चूल तिच्यावरच पेटते. फक्त ती कुठे न्यायची नाही, ते कळावं लागतं."

मी तेव्हा पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता होतो. अजूनही आहे. मग आमचा पक्ष फुटला. मी एका गटात राहिलो, सुनील शिर्के दुसऱ्यात. मी आणि सुनील शाळेपासूनचे, पण बोलणं बंद झालं. फक्त गुरुवारी दोघांची उपरणी एकाच पेटीत पडत आणि आत आम्ही शेजारी उभे राहून टाळ वाजवत असू. बाहेर आलो की पुन्हा दोन दिशांना. नाना टोकनं घेत, ज्याचं उपरणं त्याला देत.

निवडणूक जवळ आली तसं मी आमच्या साहेबांना आरतीला आणायचं ठरवलं. फोटोग्राफर बरोबर. उपरण्याशिवाय फोटोला अर्थ नव्हता, म्हणून आधी जाऊन नानांच्या कानात म्हणालो, "आजच्या दिवस सोडा. मोठी माणसं आहेत."

"मोठी आहेत ना? पेटीही मोठी आहे. मावतील."

साहेब मुरलेले. हसले, उपरणं काढलं, टोकन घेतलं, आत गेले. माझंच डोकं फिरलं. मी माझं उपरणं पेटीत आपटलं, चौदा नंबरचं टोकन खिशात घातलं आणि आरती न करताच साहेबांच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. नंतर देवळाकडे फिरकलो नाही. दोन वर्षं. उपरण्यांना काय तोटा, दुसरं मिळालं. टोकन कपाटात पडून राहिलं.

नाना वाटेत भेटत. "टोकन आहे ना?" एवढंच विचारत. मी म्हणे, "आहे." "मग चिंता नाही." रागावले असते तर बरं झालं असतं. मला जायचं होतं. दर गुरुवारी जायचं होतं. पण आधी कोण बोलणार, यातच दिवस गेले.

नाना गेले ते दुपारी जेवून आडवे झालेले असताना. मला निरोप आला. काही वाटलं नाही. सवयीने फ्लेक्सवाल्याला फोन केला. असे ढीगभर फ्लेक्स केलेत मी, मजकूर सांगायला विचार करावा लागत नाही. वर आमचे तीन नेते, खाली लंबगोलात नाना. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मंदिराच्या कठड्याला बांधून टाकला. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या बाजूला सुनीलच्या गटाचाही लागला. मी दोन्ही बघितले आणि घरी येऊन जेवलो.

तेराव्यानंतर नानांच्या पत्नीचा, माईंचा, फोन आला. "गुरुवारी ये. टोकन घेऊन ये."

गेलो. माई नानांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी चौदा नंबर पुढे केला. त्यांनी पेटीच्या तळातून उपरणं काढलं. धुतलेलं होतं, इस्त्री केलेलं.

"मधूनमधून धुवायला काढायचे," माई म्हणाल्या. "म्हणायचे, तो येईल तेव्हा कुबट वास नको यायला."

मी ते हातात धरून उभा राहिलो.

"आणि प्रदीप, तेवढा फ्लेक्स काढशील? फोटोत ते तुमच्या साहेबांच्या पायाशी आलेत, त्याचं काही नाही. पण देवळाला बांधलाय रे."

मी माझ्या फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. दुसरा माझा नव्हता. त्याला हात लावावा की नाही ते कळेना, तसाच ठेवला. परत येऊन उपरणं पेटीत टाकलं. माईंनी तेच टोकन पुन्हा माझ्या हातावर ठेवलं. आत सुनील टाळ घेऊन उभा होता. मला बघून तो थोडा सरकला.

आरती पाठ होती, तोंड हलत होतं. मला वाटलं होतं, इथे तरी रडू येईल. नाही आलं. संपल्यावर सगळ्यांबरोबर बाहेर आलो, चपला घातल्या, टोकन पुढे केलं आणि म्हणालो, "नाना, चौदा."

माईंनी पेटी उघडली.