दोन रेषांचा आलेख

आमच्याकडे भौतिकशास्त्राचा प्रयोग उलटा होतो. आधी ग्राफ पेपरवर पट्टीने रेषा मारायची, मग त्या रेषेवर पेन्सिलीने बिंदू बसवायचे आणि शेवटी बिंदू बघून रीडिंगचा तक्ता भरायचा. मुलं याला ‘जुळवणं’ म्हणतात. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी एकोणीस वर्षं शिकवते आहे, जुळवलेली वही मला लांबूनच कळते. तरी दरवर्षी मी त्यांच्यावर सह्या करते. मुलं दिवसभर शिकवणीला असतात, आमच्याकडे प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायला येतात. मला याचा संताप येतो, आणि तो मी आजवर मुलांवरच काढत आले.

अशात एक मुलगी निघाली. बारावीची, शिकवणी न लावलेली, रेणापूरच्या पलीकडच्या खेड्यातून एसटीने येणारी. प्रकल्पाला तिने विषय घेतला, दोन विद्युतभारांमधलं बल अंतराप्रमाणे कसं बदलतं. पुस्तकात उत्तर तयारच आहे, अंतर दुप्पट झालं की बल पाव होतं. मी म्हटलं, “आपल्या लॅबमध्ये हे होत नाही गं. दुसरं काहीतरी घे.”

“करून तर बघते मॅडम,” ती म्हणाली.

तिने थर्माकोलच्या दोन गोळ्यांना चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला. तिच्या मामांनी ओळखीच्या सराफाचा लहान डिजिटल काटा आठवडाभरासाठी मागून आणला होता. त्यावर प्लास्टिकचा पेला पालथा घालून एक गोळी चिकटवली. दुसरी गोळी प्लास्टिकच्या पट्टीच्या टोकाला, स्टँडवर, बरोबर पहिलीच्या डोक्यावर. प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा घोंगडीवर घासायचा आणि दोन्ही गोळ्यांना लावायचा. वरची गोळी खालचीला ढकलते आणि काट्यावरचा आकडा वाढतो. मग दर अर्ध्या मिनिटाला वरची गोळी एकेक सेंटीमीटर वर न्यायची आणि आकडा लिहायचा. पंखे बंद, खिडक्या बंद. ती घामाघूम व्हायची आणि आमचा लॅब असिस्टंट दारात उभा राहून हसायचा.

लॉग-लॉग कागदावर, म्हणजे असे नियम सरळ रेषेत दाखवणाऱ्या ग्राफ पेपरवर, रेषा सरळ आली, पण तिचा उतार, म्हणजे स्लोप, नियमाप्रमाणे यायला हवा होता दोन, तो आला सव्वादोनच्याही वर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी म्हटलं, तुझं कुठेतरी चुकतंय. चौथ्या दिवशी ती मला शोधत स्टाफरूममध्ये आली.

“मॅडम, मी मोजायलेय तवर चार्ज हवेत उतरायलाय. लांबचं रीडिंग शेवटी घेते ना, म्हणून ते लई कमी येतंय.”

“मग काय करशील?”

“तशीच गोळी उलटी खाली आणते. पुन्हा चार्ज लावत न्हाई.”

तशी ती त्याच चालीने, अर्ध्या मिनिटाला एक सेंटीमीटर, खाली आली. आता जवळची रीडिंग शेवटी होती, म्हणून ती कमी भरली आणि ही दुसरी रेषा पहिलीपेक्षा आडवी झाली. दोन्ही रेषांच्या मधोमध तिने तुटक रेषा ओढली, तिचा स्लोप मोजला आणि वही माझ्याकडे सरकवली. दोन. दशांशातला किंचित फरक होता, तो काट्याचा असेल. जो नियम मी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहीत आले, तो त्या दिवशी पहिल्यांदा होताना बघितला. मला रडू आलं, हे सांगायला लाज वाटत नाही.

परीक्षेला नांदेडहून बाहेरचे परीक्षक आले. त्यांच्यापुढे रिवाजाप्रमाणे काजूची बशी आणि चहा ठेवला. जुळवलेल्या वह्यांचा गठ्ठा त्यांनी बशी संपायच्या आत हातावेगळा केला. मग तिची वही उघडली आणि थांबले.

“एका आलेखाला तीन-तीन रेषा? हे काय आहे मॅडम?”

मी समजावलं. चार्ज कसा उतरतो, जातानाची चूक येतानाच्या चुकीने कशी कटते, सगळं. ते मान हलवत राहिले.

“ते बरोबर असेल हो. पण वह्या वर बोर्डात तपासणीला गेल्या तर उत्तर मी द्यायचं. एक रेषा, स्लोप दोन, एवढं करून आणायला सांगा, पूर्ण मार्क देतो. नाहीतर प्रकल्पाचे शून्य लिहावे लागतील.”

“अहो, या अख्ख्या गठ्ठ्यात मोजलेली वही ही एकच आहे.”

“म्हणून तर म्हणतो, मुलीचं नुकसान कशाला करता?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्यांनी काट्याला हातही लावला नाही त्यांना पैकीच्या पैकी, आणि जिने मोजलं तिलाच धाक. ती बशी उचलून भिंतीवर मारावी असं वाटलं. मी तिची वही उचलली आणि बाहेर आले.

ती व्हरांड्यातच होती, तिने सगळं ऐकलं होतं. शून्य पडलं तर बारावीनंतर तिला जायचं होतं त्या नांदेडच्या कॉलेजात तिचा नंबर लागणार नव्हता, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी ‘बदलू नकोस’ म्हणाले असते तर तिने बदललं नसतं, एवढा तिचा माझ्यावर विश्वास होता. मी कोरा ग्राफ पेपर तिच्यापुढे धरला.

ती बाकावर बसली. पट्टी ठेवून आधी रेषा मारली. तिला कुणी शिकवायची गरज पडली नाही. त्या रेषेवर तीन-चार बिंदू भराभर बसवले आणि मग पेन्सिल थांबवून माझ्याकडे वर बघितलं.

“मॅडम, सगळेच रेषेवर बसवले तर खोटं वाटंल. एक-दोन बाजूला टाकू का?”

“टाक,” मी म्हटलं. “एक वर, एक खाली.”